दारात गाडी, मग उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा?

पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आहे. वय चाळिशीच्या जरा अलीकडे. बी.ए., बी.एड. झालेल्या, विनाअनुदानित शाळेत शिकवतात, पगार 12 हजार. नवऱ्याचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आठ मागांपैकी चार मागच्या वर्षी विकले. उरलेल्या चारांवर व्यापाऱ्याच्या सुताचं जॉबवर्क चालतं. त्यातून महिन्याकाठी सरासरी 28 हजार सुटतात, पण एखादा महिना 40 चा निघतो, एखादा 15 चा. बरे दिवस होते तेव्हा जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, मागोमाग गाडी आली. फ्लॅटचा हप्ता 17 हजार, गाडीचा साडेसहा. पोस्टात आणि भिशीत मिळून 60 हजार शिल्लक. घरात सासूबाई, बारावी झालेली मुलगी आणि सातवीतला मुलगा.

मुलीला इंजिनिअरिंगला जायचं आहे, शक्यतो पुण्याला. फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. नवरा म्हणतो, "कारखानदार माणूस तहसीलच्या रांगेत उभा राहणार? दारात गाडी, घरात एसी, आणि दाखला गरिबीचा? लोक हसतील." सासूबाईंचं उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. त्या म्हणतात, "दाखलाही काढा, आणि फ्लॅट भाड्याने देऊन साखर पेठेतल्या आपल्या घरी चला." शेजारच्या फ्लॅटला 10 हजार भाडं येतं. ताई विचारतात: "आम्ही नेमके कोण? मध्यमवर्गीय की गरीब? दाखला काढला तर खऱ्या गरिबाचा हक्क मारल्यासारखं होईल का? आणि पेठेत परत जाणं म्हणजे तीन पिढ्यांनी चढलेल्या पायऱ्या उतरणंच नाही का?"

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातल्या एकाच गोष्टीला शेवटची तारीख आहे, म्हणून आधी तिचं सांगते. दाखला काढा. याच आठवड्यात काढा.

राज्य सरकारच्या जुलै 2024 च्या निर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अटी दोन: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत गेली. तेव्हा "कॉलेज चांगलं आहे, कोट्यातून घेऊन टाकू" असं घरात कुणी म्हणू लागलं, तर आधी ही बेरीज करा. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. इतर मागास असाल तर नॉन-क्रिमी लेयरचं आणि खुल्या प्रवर्गात असाल तर ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र वेगळं लागेल, आणि दोन्हींच्या मुळाशी हाच उत्पन्नाचा दाखला असतो. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीही आहे, तिचीही मर्यादा 8 लाखच. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, आपल्या प्रवर्गासमोरची योजना नीट वाचून घ्या.

तुमचे 12 आणि त्यांचे 28, असे महिन्याचे 40 हजार, वर्षाचे 4 लाख 80 हजार. मर्यादेच्या तुम्ही पुष्कळ आत आहात. त्यामुळे एक रुपयाही लपवायची गरज नाही. सेतूच्या बाहेर बसलेला एखादा एजंट "ताई, 1 लाखच टाकू, कुठे अडायला नको" असं हमखास म्हणेल. त्याचं ऐकू नका. तुमची पगाराची स्लिप आणि नवऱ्याचं रिटर्न एक सांगतंय आणि दाखला दुसरंच, हे पुढे मुलीच्याच अंगाशी येईल.

आणि हा दाखला गरिबीचा आहे, हे तुमच्या यजमानांना कुणी सांगितलं? त्यावर "गरीब" हा शब्द कुठेही नसतो. एक रक्कम असते, एक वर्ष असतं आणि तहसीलदारांची सही असते. हक्क मारण्याचं म्हणाल, तर या सवलतीला जागांचा कोटा नाही. अटीत बसेल त्या प्रत्येक मुलीला ती आहे, तुमच्या लेकीने घेतली म्हणून पूर्वभागातल्या दुसऱ्या कुणाच्या लेकीची जात नाही. 8 लाखांची रेघ जरा जास्तच वर ओढली आहे असं मलाही वाटतं, पण तो वाद रेघ ओढणाऱ्यांशी घालायचा.

दाखल्याचं एवढंच. आता "आम्ही कोण" हा प्रश्न. तुम्ही तो असा विचारला आहे, जणू कुठेतरी एक वही आहे आणि तिच्यात तुमच्या घरापुढे एकच शब्द लिहिलेला आहे. अशा वह्या बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीत तुमच्यापुढे वेगळंच काही लिहिलंय. मी तुमच्या पत्रातली माहिती घेऊन त्यातल्या काही उघडून पाहिल्या.

पहिली वही माल विकणाऱ्यांची. मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाने 2011 मध्ये घरांची वर्गवारी करायची एक पद्धत आणली. टीव्हीच्या टीआरपीपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे ती वापरतात. तिला दोनच गोष्टी लागतात: घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि 11 वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीजजोडणी, पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, वॉशिंग मशीन, रंगीत टीव्ही, कॉम्प्युटर, गाडी, एसी आणि शेतजमीन. तुमच्याकडे शेतजमीन सोडून सगळं आहे. म्हणजे या वहीत तुम्ही "ए" गटात, पार वरच्या पायरीवर. गाडीचे किती हप्ते थकलेत, एसी गेल्या उन्हाळ्यात किती दिवस लावला, हे ती विचारत नाही. तिला तुमचं सुखदुःख नको आहे, तुम्ही शाम्पूची बाटली घ्याल की पुडी, एवढंच हवं आहे.

दुसरी डॉक्टरांची. सरकारी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर अभ्यासासाठी फॉर्म भरून घेतात, त्यात बहुतेक वेळा कुप्पुस्वामी मापन असतं. 1976 मधलं, शहरी कुटुंबांसाठी केलेलं. कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि घरचं उत्पन्न, मिळून 29 गुण. 16 ते 25 गुण म्हणजे उच्च मध्यम, 11 ते 15 म्हणजे कनिष्ठ मध्यम. तुमच्या यजमानांच्या बाबतीत इथे गंमत होते. ते कारखान्याचे मालक आहेत आणि कामगार आला नाही की स्वतःच मागावर उभे राहतात. मूळ तक्त्यात दुकानमालकाला 5 गुण आहेत, कुशल कामगाराला 4. फॉर्म भरणाऱ्या पोराने त्यांना दुकानमालकाच्या ओळीत बसवलं की कुशल कामगाराच्या, यावर एक गुण हलतो, आणि काठावरच्या घराचा तेवढ्याने वर्ग बदलतो. शिवाय यातले उत्पन्नाचे टप्पे औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वरचेवर वाढवावे लागतात. त्या निर्देशांकासाठी देशभरातल्या ज्या केंद्रांवर किमती गोळा करतात, त्यात आपलं सोलापूरही आहे. म्हणजे आपल्या मंडईत तूरडाळ महागली की देशातल्या "कनिष्ठ मध्यम" माणसाची हद्द केसभर सरकते. तुमचा पगार मात्र आहे तिथेच राहतो. वर्ग असाही बदलतो, ताई. माणूस जागेवर उभा असतो आणि रेघ त्याच्या पायाखालून निघून जाते.

तिसरी अर्थतज्ज्ञांची. प्राइस नावाची एक संशोधन संस्था 2020-21 च्या किमतींनी वर्षाला 5 ते 30 लाख उत्पन्नाच्या घराला मध्यमवर्गीय धरते. तुम्ही 20 हजारांनी बाहेर! सव्वा लाख ते 5 लाखांचा जो गट आहे त्याला ते "अ‍ॅस्पायरर्स" म्हणतात, वर यायची आस असलेले. तुम्ही त्यात. आणि 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, तेव्हा तो मध्यमवर्गाला दिलासा आहे असं सांगितलं गेलं. त्याच केंद्र सरकारच्या ईडब्ल्यूएसच्या व्याख्येत 8 लाखांच्या आतला माणूस आर्थिकदृष्ट्या दुर्बल. दोन्ही नियम एकाच वेळी लागू आहेत, आणि सरकारला त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण एक कर ठरवायला आहे आणि एक आरक्षण.

या सगळ्यांतली एकही वही खोटी नाही. प्रत्येक कुणीतरी आपल्या कामासाठी ठेवली आहे, आणि त्या कामापुरती ती बरोबर आहे. तुमच्या यजमानांनी मनातल्या मनात माल विकणाऱ्यांची वही उघडली, "ए" गट वाचला, आणि आता तहसीलच्या वहीत सही करायला त्यांचा हात उचलत नाही. घोळ एवढाच आहे.

एक गोष्ट या वह्यांच्या निमित्ताने तुमच्याबद्दल. पत्रभर तुम्ही घराचा वर्ग मागांवर मोजला आहे. आठ माग होते तेव्हा आम्ही अमुक, चार उरले तेव्हा तमुक. तुमचं बी.एड. आणि तुमचा पगार तुम्ही एका ओळीत उरकलात. "पगार काय, किरकोळच," असे तुमचे शब्द आहेत. जुनी मापनं असंच करत आली. कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष, त्याचा धंदा तो घराचा दर्जा. 2024 मध्ये त्याच मार्केट रिसर्चवाल्यांनी पद्धत बदलायचं सुचवलं. वस्तू मोजणं सोडलं, आणि मुख्य कमावत्याच्या व्यवसायासोबत घरातल्या सगळ्यात शिकलेल्या पुरुषाचं आणि सगळ्यात शिकलेल्या बाईचं शिक्षण धरलं. साबण विकणाऱ्यांनाही कळलं की घरातली बाई काय शिकली आहे यावर त्या घराची पुढची चाल ठरते. तुमचे 12 हजार कमी आहेत हे खरंच, विनाअनुदानित शाळांनी बी.एड. झालेल्या माणसांची जी किंमत केली आहे ती लाज वाटावी अशीच आहे. पण गेल्या वर्षी माग विकले गेले त्या महिन्यातही हे 12 हजार आले होते. ही खात्री त्यांच्या 28 मध्ये नाही.

आता पायऱ्या चढण्या-उतरण्याचं. तुम्ही लिहिलंय की आजेसासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये कामगार, सासऱ्यांनी साखर पेठेतल्या घरातच चार माग टाकले, आणि यजमान एमआयडीसीत शेड घेऊन कारखानदार झाले. कामगार, मालक, कारखानदार. नावं एकेक पायरी चढत गेली खरी. पण आजेसासऱ्यांना काय होतं ते आठवा. महिन्याच्या ठरल्या दिवशी पगार, फंड, ग्रॅच्युइटी, दिवाळीला बोनस. तुमच्या यजमानांना यातलं काहीही नाही. सूत महागलं, विजेचं बिल वाढलं, पानिपतचा स्वस्त माल "सोलापुरी" म्हणून विकला गेला, की थेट त्यांच्या ताटातली भाकरी कमी होते. नाव वर गेलं आणि आधार खाली आला, दोन्ही एकाच वेळी झालं. आपल्या शहरात हे हजारो घरांत झालंय. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम, एकेक भोंगा बंद होत गेला तसतशी पगारी माणसं घरच्या मागांवर आणि विड्यांवर आली. (गिरणी बुडणं तर आपल्याला स्वातंत्र्यापासूनचं आहे. 1949 मध्ये जुनी मिल बंद पडली आणि 1950 च्या जानेवारीत केंद्राला वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घ्यावा लागला. भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.) यात तुमच्या आजेसासऱ्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं, आणि चार माग विकून तुमच्या यजमानांनीही केलेलं नाही.

उलट्या दिशेनेही माणसं सरकत असतात. कुंभारीजवळ रे नगरमध्ये विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला, त्यातली पहिली 15 हजार जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. भाड्याच्या एका खोलीतून तिथे गेलेली बाई स्वतःला वर चढलेली समजते, आणि तिचं बरोबर आहे. तुमच्या फ्लॅटच्या निम्मीही जागा नसेल. तिला विचारलंत तर जागेचं बोलणार नाही, घर कुणी रिकामं करायला सांगणार नाही याचं बोलेल.

आता तुमच्यासाठी एक वही मी उघडते. महिन्याचे 40 हजार, घरात माणसं पाच, म्हणजे माणशी 8 हजार. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या खर्च पाहणीत शहरी भारताचा माणशी सरासरी मासिक खर्च 6,996 रुपये आला, ग्रामीण 4,122. तुमचे 8 हजार शहरी सरासरीच्या वर. छान. आता हप्त्यांचे साडेतेवीस हजार बाजूला काढा. उरतात साडेसोळा. पाचांत वाटले तर माणशी 3,300. ती खर्चाची पाहणी आहे आणि आपण उत्पन्नातून उरलेलं मोजतोय, तेव्हा ही तुलना तंतोतंत नाही. तरी जुळे सोलापुरातल्या एसी असलेल्या फ्लॅटमध्ये, हप्ते फेडून, खेड्यातल्या सरासरी माणसापेक्षा कमी पैशांत घर चाललंय, हे काही दृष्टिआड करता येणार नाही. तुम्ही लिहिलंय की घरखर्च 20 हजारांच्या खाली येतच नाही. मग वरचे साडेतीन हजार कुठून येतात? त्याच पत्रात पुढे क्रेडिट कार्डाचा ओझरता उल्लेख आहे. तिथून येतात.

जागतिक बँकेच्या काही अर्थतज्ज्ञांनी मध्यमवर्गाची एक वेगळी व्याख्या केली होती: ज्याला पुन्हा गरिबीत घसरण्याचा धोका अगदी कमी, तो मध्यमवर्गीय. मला ती सगळ्यात पटते, कारण ती घरातल्या वस्तू न बघता पुढच्या वर्षाकडे बघते. तिचं घरगुती रूप असं: उद्या माग बंद पडले आणि तुमचा पगारही थांबला, तर आजच्या खर्चाने घर किती महिने चालेल? तुमचे हप्ते साडेतेवीस आणि घरखर्च 20, म्हणजे महिन्याला साडेत्रेचाळीस हजार. शिल्लक 60. दीड महिनासुद्धा नाही. आता पेठेत राहायला गेलात, गाडी विकली आणि फ्लॅट भाड्याने दिला असं धरा. फ्लॅटचा हप्ता 17, त्यातले 10 भाड्यातून, घरखर्च गाडी नसल्याने 19 धरू. महिन्याला 26 हजार लागतील. 40 मिळतात, 14 उरतात. मुलीची पुण्यातली खोली आणि मेस त्यातून निघते, कार्डावर हात न घालता. फी माफ झाली तरी हा खर्च माफ होत नाही, हे बरेच पालक विसरतात.

म्हणून लगेच टेम्पो बोलवा असं मी म्हणत नाही. माझा क्रम वेगळा आहे. आधी गाडी विका. ती माल पोचवायच्या कामाची नाही, रविवारी फिरायला आणि लग्नाकार्याला आहे असं तुम्हीच लिहिलंय. किंमत दर महिन्याला उतरते आहे. आज कर्ज फिटून चार पैसे हातात येतील, दोन वर्षांनी कदाचित येणार नाहीत. गाडी गेली की महिन्याची तूट लगेच भरून निघते. जे पैसे सुटतील त्यातून क्रेडिट कार्ड आधी मोकळं करा, त्याच्याइतकं महाग कर्ज तुमच्या घरात दुसरं नाही. बँकेत जाऊन फ्लॅटच्या कर्जाची मुदत वाढवून हप्ता किती खाली येतो तेही विचारा. एकूण व्याज वाढेल, तरीही श्वास घ्यायला जागा होते. दागिने गहाण ठेवून हप्ता भरायची वेळ येईपर्यंत मात्र थांबू नका. तिथे गेलेली घरं लवकर परत येत नाहीत.

पेठेत जायचं की नाही, हे मुलाचं हे शालेय वर्ष संपेपर्यंत बघा. तोवर मुलीचा प्रवेश झालेला असेल आणि पुण्याचा खरा खर्च कळलेला असेल. आणि जायच्या आधी दिरांशी बोला. घर सासूबाईंच्या नावावर आहे, पण पुढे "तुम्ही घर बळकावलं" हे ऐकायचं नसेल तर कुठल्या खोल्या वापरणार, दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हे आजच सगळ्यांसमोर ठरू द्या. कागदावर आलं तर फारच उत्तम. जुनं घर म्हणजे छप्पर आणि संडासाची कामं निघतातच.

आणि "लोक काय म्हणतील" याबद्दल. सल्ला देणारे सहसा हा प्रश्न झटकून टाकतात. मी झटकणार नाही, कारण सोलापूरच्या बाजारात त्याला रोख किंमत आहे. सूत उधारीवर मिळतं ते माणसाच्या पतीवर. दारातली गाडी, जुळे सोलापुरातला पत्ता, वास्तुशांतीला कोण कोण आलं होतं, यावर व्यापारी मनातल्या मनात तुमची मर्यादा ठरवत असतो. गाडी विकल्याची बातमी चाटी गल्लीच्या बाजारापर्यंत गेली की उद्या सूतवाला रोख मागेल, ही भीती खोटी नाही. तुमचे यजमान ज्याला अब्रू म्हणतात त्यात थोडं भांडवलही आहे. (लग्न जमवताना "मुलाचा कारखाना आहे" हे वाक्य अजून चालतं. माग किती, स्वतःचे की बँकेचे, हे मागाहून कळतं.) पण त्यांना एक विचारा. आता सूत कोण घेतं? जॉबवर्कमध्ये सूत व्यापाऱ्याचं, ते फक्त विणून देतात. उधारीची गरज होती ती आठ मागांच्या, स्वतःच्या मालाच्या धंद्याला. आज व्यापारी बघतो ते माल वेळेवर आणि डागाशिवाय येतो का. ती पत त्यांची चोख आहे, आणि तिला साडेसहा हजारांचा हप्ता लागत नाही. जुन्या धंद्यासाठी ठेवलेला देखावा नव्या धंद्यात निव्वळ खर्च झालाय. हिशोबाच्या भाषेत सांगितलंत तर त्यांना ऐकायला सोपं जाईल. "लोकांचा विचार करू नका" असं म्हणालात तर कुणीच ऐकत नाही.

हे बोलणं सासूबाईंसमोर करा. तुमच्या घरात पैशाबद्दल मोकळं बोलू शकणारं माणूस मला त्याच दिसतात. रोज सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, निघेल तेवढी मजुरी गेली असं समजायचं. अशा हिशोबात आयुष्य गेलेल्या बाईला दाखल्याची लाज वाटत नाही, यात नवल काय? त्यांना विडी कामगार म्हणून फंडाची पेन्शन मिळते, हजाराच्या आसपास. ती किमान रक्कम 2014 मध्ये ठरली तेव्हा हजारात जे येत होतं ते आता येत नाही, तो वेगळा राग आहे. तरी बाजार उठो की बसो, ती येते. पेठेत परत जायला त्या का तयार आहेत, तेही एकदा विचारा. तुम्ही धरून चाललाय की मुलाच्या ओढगस्तीसाठी त्या त्याग करताहेत. मला शंका आहे की फ्लॅटमध्ये त्यांना बोलायला कुणी नाही.

अशीच पत्रं मला नोकरदारांकडूनही येतात, फक्त टॉवेलच्या जागी दुसरं काही असतं. कंत्राटी नोकरी, बंद पडलेली पतसंस्था, पुण्याहून परत आलेला मुलगा. त्यांनाही हेच विचारते. वर्षाच्या सुरुवातीला एकदा हप्ते, घरखर्च आणि शिल्लक एका कागदावर मांडा, आणि पगाराविना किती महिने निघतील ते काढा. तीनाच्या आत असेल तर नवीन हप्ता घ्यायचा नाही, मग तो शून्य टक्क्यांचा असला तरी. सहाच्या वर गेलात की एसी जरूर घ्या, सोलापूरचा मे महिना मलाही माहीत आहे.

राहिली मुलगी. तिच्यासमोर यातलं काही बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय. अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगला निघालेल्या मुलीला घरात काय चाललंय ते कळत नसेल, हे मला पटत नाही. तिला फक्त आकडे माहीत नाहीत, त्यामुळे ती मनात खऱ्यापेक्षा मोठं संकट धरून बसली असेल किंवा अगदीच लहान. महाडीबीटीचा फॉर्म तिलाच भरू द्या. उत्पन्नाच्या रकान्यात 4 लाख 80 हजार तीच लिहील, तेव्हा त्यातले हप्त्यांत किती जातात ते शेजारी बसून सांगा. सोलापुरातच चांगली शाखा मिळत असेल आणि पुण्याचा हट्ट निव्वळ मैत्रिणींमुळे असेल, तर आकडे बघून ती स्वतःच काय ते ठरवेल. तिने पुणंच म्हटलं तरी हरकत नाही, वरच्या हिशोबात ते बसतं.

दाखल्यासाठी शिधापत्रिका, आधार, तुमची पगाराची स्लिप आणि यजमानांचं रिटर्न जवळ ठेवा. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्याही करता येतो, तेव्हा रांगेचा प्रश्न तसाही उरत नाही. आणि मुलीचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, ते फॉर्म भरायच्या आधीच बघून घ्या, कारण महाडीबीटीचे पैसे त्याच खात्यावर येतात.